नौरू : चिमुकले राष्ट्र

पॅसिफिक महासागरात, विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेस, नौरू हे अवघे २१ चौरस किलोमीटरांचे बेट आहे. १९६८ साली ते स्वतंत्र झाले. लोकांनी निवडलेली संसद आपल्या सभासदांतूनच राष्ट्राध्यक्ष निवडते. बेटाच्या मध्यभागी फॉस्फेटचे विपुल साठे होते. त्याच्या खतावर परदेशांतील शेते पिकली व नौरूही काही काळ धनाढ्य झाले. परंतु साठे सरत आले, तेव्हा मागे उरले ते चुनखडकाचे ओसाड सुळके! पैसाही पुष्कळसा वाया गेला. आज वस्ती मुख्यतः किनाऱ्याच्या अरुंद पट्टीत आहे आणि परकीय जहाजांना दिलेल्या मासेमारीच्या परवान्यांचे शुल्क हा राज्याचा मोठा आधार आहे. खाणीतील धन एकदाच मिळते. समुद्रातील धन जपून घेतल्यास पुनःपुन्हा मिळते.