शाळेचे दार आणि बाजाराचा न्याय

बाजारात ज्याच्या गाठीला पैसा त्याने हवा तो माल निवडावा, ज्याच्या नसेल त्याने मिळेल त्यावर भागवावे. भाजीपाल्यापुरता हा न्याय आपण मुकाट्याने मानतो. तोच न्याय शाळेच्या दाराशीही चालावा काय?

ठाणे, कल्याण वा डोंबिवलीत सकाळी एकाच गल्लीतून दोन मुले निघतात. एक बसमधून खाजगी शाळेत जाते, दुसरे पायी महापालिकेच्या शाळेत. दोघांची बुद्धी कोणी तोलून पाहिलेली नसते. निवाडा होतो तो बहुधा बापाच्या मिळकतीवर.

हे अंतर थोडे तरी कमी व्हावे म्हणून २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांच्या प्रवेशवर्गातील किमान २५ टक्के जागा परिसरातील दुर्बल व वंचित घटकांच्या मुलांसाठी राखल्या. त्यांचा खर्च शासनाने ठरावीक मर्यादेत शाळेला भरून द्यावयाचा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर खाजगी शाळेवर हे बंधन नाही! युक्तिवाद वरवर रास्त वाटतो: आपली शाळा जवळ असता परक्या शाळेला पैसे का मोजावेत? परंतु आपल्यासारख्या दाट वस्तीच्या शहरांत अशी शाळा एक किलोमीटरच्या आत बहुधा सापडतेच. म्हणजे कायदा कागदावर राहिला असता आणि दार बंद झाले असते. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये या बदलाला स्थगिती दिली आणि १९ जुलैला मूळ कायद्याशी विसंगत म्हणून तो रद्द केला. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही त्या निकालात हात घातला नाही.

हा विचार काही नवा नव्हे. रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो, अशी तक्रार जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडली होती. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचे ठरविले. शिक्षण ही विकत घेण्याची वस्तू नव्हे, हेच दोघांचे म्हणणे.

तथापि न्यायालयाच्या निकालाने निश्चिंत होऊन चालणार नाही. चतुर्थांश जागांनी सर्वांची सोय होत नाही. उरलेल्या मुलांचा आधार महापालिकेची शाळाच. ऐपत असलेल्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली की तिच्या गळक्या छपराविषयी जाब विचारणाराही उरत नाही. आपले मूल तेथे नसले तरी ती शाळा आपली आहे, एवढे मानले तरी पुष्कळ होईल.