झेब्रा गाढवाच्या भावकीतला

पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांच्या यात्रेत, रंगपंचमीच्या सुमारास, गाढवांचा बाजार भरतो. गिऱ्हाईक जबडा उघडून दात बघतं, दुवान (दोन दातांचं) की चौवान (चार दातांचं) ते ठरवतं आणि मग सौदा होतो. तिथं एखाद्या राखी गाढवाची पाठ जरूर न्याहाळा. कण्यावरून शेपटीपर्यंत काळपट रेघ जाते, खांद्यावर दुसरी रेघ तिला आडवी छेदते. काहींच्या पायांवरही पुसटसे पट्टे असतात.

झेब्रा म्हणजे पट्ट्यांचा घोडा, असं पुष्कळांना वाटतं. ते चूक आहे. घोडा, गाढव आणि झेब्रा हे तिघंही ‘इक्वस’ या एकाच प्रजातीतले. पण जनुकांच्या अभ्यासानुसार घोड्याची शाखा आधीच, सुमारे ४० लाख वर्षांपूर्वी, वेगळी झाली. उरलेल्या शाखेतून पुढे गाढवं आणि झेब्रे निघाले. म्हणजे झेब्र्याचं जवळचं नातं गाढवाशी. कच्छच्या रणातलं रानगाढवही याच भावकीतलं. मात्र नुसत्या पट्ट्यांवरून हे नातं ठरत नाही, कारण काही घोड्यांच्या पाठीवरही तशी रेघ असते.

सगळे झेब्रे एकाच जातीचे, ही समजूतही खरी नाही. आज त्यांच्या तीन जाती मानतात. मैदानी झेब्र्याचे पट्टे रुंद असतात आणि पोटाखालपर्यंत जातात. डोंगरी झेब्र्याच्या गळ्याखाली छोटी पोळी लोंबते. ग्रेव्हीचा झेब्रा सगळ्यांत थोराड. त्याचे पट्टे बारीक, कान मोठे नि गोलसर आणि पोट पांढरं.

क्वाग्गाची गोष्ट यात सर्वांत बोलकी आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या या प्राण्याच्या फक्त पुढच्या अंगावर ठळक पट्टे होते, म्हणून त्याला स्वतंत्र जात मानत. शेवटचा क्वाग्गा १८८३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. पुढं १९८४ मध्ये संग्रहालयातल्या जुन्या कातड्यातून त्याचा डीएनए मिळाला. नामशेष प्राण्याचा डीएनए मिळण्याची ती पहिलीच वेळ. नंतरच्या अभ्यासांतून तो मैदानी झेब्र्याचीच उपजात ठरला. क्वाग्गाचं शास्त्रीय नाव आधी दिलेलं असल्यामुळे नियमाप्रमाणे तेच टिकलं आणि मैदानी झेब्रा ‘इक्वस क्वाग्गा’ झाला.

संकर होतो म्हणजे जात एकच, असाही युक्तिवाद ऐकू येतो, पण तो टिकत नाही. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराची ६३. म्हणून खेचर जवळपास नेहमीच वांझ निघतं. मैदानी झेब्र्याची ४४, तर डोंगरी झेब्र्याची अवघी ३२.

पट्टे रंगवलेले असावेत, ही शंका फार जुनी. १६२१ मध्ये जहांगीरापुढे झेब्रा आणला, तेव्हाही ती आली होती आणि तपासाअंती पट्टे नैसर्गिकच ठरले. दरबारी चित्रकार मन्सूरनं काढलेलं त्या झेब्र्याचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

ग्रेव्हीचा झेब्रा आज संकटग्रस्त आहे. आपल्याकडच्या त्याच्या भाऊबंदाचीही अवस्था बरी नाही. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ३.२ लाख गाढवं होती, २०१९ मध्ये जेमतेम १.२ लाख उरली. झेब्र्याची काळजी करणाऱ्यांनी मढीच्या बाजाराचीही करावी.