वऱ्हाडचा उन्हाळा आणि एसीचा आकडा

वऱ्हाडातील उन्हाळा म्हणजे काय, हे अमरावती-अकोल्याच्या भाविकांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. मे २०२० च्या अखेरीस अकोल्याचा पारा ४७ अंशांच्या पुढे गेला होता. मे २०२४ मध्ये तो ४५ अंशांपलीकडे जाताच जिल्हाधिकाऱ्यांनी ३१ मेपर्यंत कलम १४४ लागू केले होते. कामगारांसाठी पिण्याचे पाणी व पंखे यांची सोय करावी, खासगी शिकवणी वर्गांच्या वेळा बदलाव्यात, असे आदेश त्या वेळी निघाले. अशा उन्हात घर थंड ठेवणे ही चैन नव्हे, ती प्रकृतीची गरज आहे. म्हणूनच ‘एसी लावू नका’ असा उपदेश आम्हांला येथे करावयाचा नाही. लावलेला एसी कोणत्या आकड्यावर ठेवावा, एवढ्या लहानशा प्रश्नाचा विचार आपण करू. प्रश्न लहान असला तरी त्याचा संबंध आपल्या विजेच्या बिलाशी आहे आणि आपल्या शेजाऱ्याशीही आहे.

आकडा नेमके काय करतो?

एसीमध्ये थर्मोस्टॅट नावाचा भाग असतो. खोलीचे तापमान आपण ठरविलेल्या आकड्यापर्यंत उतरले की तो कॉम्प्रेसरला थांबण्याची सूचना देतो. इन्व्हर्टर एसी असेल तर कॉम्प्रेसरची गती कमी होते. बाहेरून आल्याबरोबर आपल्यापैकी अनेक जण रिमोटवर १८ चा आकडा लावतात, कारण खोली लवकर थंड होईल असे त्यांना वाटते. हा समज चुकीचा आहे. साध्या एसीचा कॉम्प्रेसर चालू असताना एकाच शक्तीने चालतो, आकडा १८ असो वा २६. इन्व्हर्टर एसीही सुरुवातीला बहुधा पूर्ण शक्तीनेच चालतो. खोली ३८ वरून २६ अंशांवर येण्यास दोन्ही वेळा जवळजवळ सारखाच वेळ लागतो. फरक पडतो तो त्यानंतर. आकडा २६ वर असेल तर यंत्र विसावा घेते. १८ वर असेल तर ते राबतच राहते, आणि भर दुपारी पुष्कळदा १८ पर्यंत पोहोचतही नाही.

दुसरी गोष्ट अशी की आत आणि बाहेर तापमानाचे अंतर जितके मोठे, तितकी अधिक उष्णता भिंतींतून व छतातून आत शिरते. बाहेर ४२ आणि आत १८ असेल तर हे अंतर २४ अंशांचे होते. आत २६ ठेवले तर ते १६ वर येते, म्हणजे एक तृतीयांशाने घटते. आत शिरलेली प्रत्येक उष्णता बाहेर फेकण्यासाठी वीज खर्च करावी लागते, हे लक्षात घेतले की बाकीचा हिशेब आपोआप उलगडतो.

२४ चा नियम

जून २०१८ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एसीचे तापमान २४ ते २६ अंशांच्या दरम्यान ठेवण्याचे आवाहन केले. त्यानंतर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या, म्हणजे एसीवर तारांकन देणाऱ्या संस्थेच्या, नियमाने १ जानेवारी २०२० पासून घरगुती एसी सुरू करताच २४ अंशांवर लागेल अशीच रचना बंधनकारक झाली. आकडा कमी-अधिक करण्याची मोकळीक मात्र ग्राहकाला राहिली. जून २०२५ मध्ये ही मोकळीक २० ते २८ अंशांपुरती मर्यादित करण्याचा विचार केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी जाहीर केला होता. ब्युरोच्या हिशेबानुसार आकडा एका अंशाने वाढविला की सुमारे सहा टक्के वीज वाचते.

हे आपण उदाहरणाने पाहू. दीड टनाचा एसी रोज आठ तास चालतो आणि तासाला सरासरी एक युनिट घेतो, असे धरू. महिन्याला २४० युनिट झाले. तोच एसी २० ऐवजी २६ वर ठेवला तर साधारण तीस टक्के, म्हणजे सत्तरएक युनिट वाचतात. घरातील इतर वापर १२० युनिटांचा असेल तर एकूण वापर ३६० वरून २९० वर येतो. महावितरणच्या बिलात १००, ३०० व ५०० युनिटांना दराचे टप्पे बदलतात, हे आपणांस ठाऊक आहेच. म्हणजे हे घर ३०० च्या वरच्या महाग टप्प्यातून पूर्णपणे बाहेर पडते.

पंखा आणि कूलर

२६ अंशांवर उकडेल अशी शंका येणे स्वाभाविक आहे. त्यावर उपाय म्हणजे एसीबरोबर छताचा पंखा हळू गतीने चालू ठेवणे. हलती हवा अंगावरचा घाम वाळविते आणि आहे त्यापेक्षा दोन-तीन अंशांनी थंड वाटते. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज घेतो, नव्या बीएलडीसी पद्धतीचा तर तिच्या निम्म्याहूनही कमी. पडदे ओढणे, दाराखालची फट बुजविणे, एसीची जाळी दर पंधरवड्याला धुणे आणि रात्री स्लीप मोड लावणे, यांनीही पुष्कळ बचत होते.

मात्र वऱ्हाडाला निसर्गाने एसीपेक्षाही स्वस्त उपाय दिला आहे. आपला एप्रिल-मे कोरडा असतो. कोरड्या हवेत पाण्याची वाफ झपाट्याने होते आणि ती होताना हवेतील उष्णता शोषली जाते. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडणारे आपले पूर्वज याच तत्त्वाचा उपयोग करीत. कूलरही तेच करतो, आणि एसीच्या मानाने त्याला वीज फारच थोडी लागते. कूलर चालू असताना समोरची एक खिडकी उघडी हवी, अन्यथा दमट हवा आतच कोंडते आणि चिकचिक होते. मृग लागला, हवा दमट झाली की कूलरचा प्रभाव ओसरतो. एसीची खरी गरज तेव्हा. कूलरला पाणी लागते आणि काटेपूर्णा धरणावर अवलंबून असलेल्या अकोल्यात पाण्याचे मोल सर्वांना ठाऊक आहे. म्हणून टाकी वाहू देऊ नये. आठवड्यातून एकदा ती कोरडी करून घासावी, म्हणजे डेंग्यूच्या डासांनाही थारा मिळणार नाही.

शेजाऱ्याचा विचार

अकोला जिल्ह्यातील पारस येथे आणि अमरावतीजवळ नांदगावपेठ येथे कोळशावर वीज तयार होते. अशा एका युनिटामागे अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळतो. आपण वाचविलेली सत्तर युनिटे म्हणजे निदान पस्तीस किलो कोळसा. आणखी एक गोष्ट जवळची आहे. नवतपाच्या रात्री गल्लीतील सारे एसी १८ वर धावू लागले की रोहित्रावरचा भार वाढतो आणि ‘डीपी’ उडते. मग ज्याच्या टिनाच्या खोलीत केवळ एक पंखा आहे, त्याचाही पंखा बंद पडतो. एसीच्या घरातील गारवा तासभर तरी टिकतो, टिनाखालच्या म्हाताऱ्या माणसाला तेवढा अवधी मिळत नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात अपायकारक उपभोगाच्या सवयींचे साधे उदाहरण म्हणून वाढत्या वातानुकूलनाचाच उल्लेख केला आहे. ऐपत असूनही जो जाणीवपूर्वक कमी ऊर्जा वापरतो, त्याच्या कृतीला त्यांनी मोल दिले आहे.

बचतीची ही शिस्त धडधाकट माणसांसाठी आहे. तान्ही बाळे, वृद्ध व आजारी यांच्या गारव्यात काटकसर करू नये. पारा चाळिशीपलीकडे असताना बंद खोलीत नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो, हेही विसरू नये. अशा दुपारी शेजारच्या एकट्या वृद्धाला आपल्या थंड खोलीत चार तास बोलावून घ्यावे. आकडा २६ वर असला तरी ती खोली दोघांनाही पुरेशी थंड असेल.