दप्तराआधी लसींची फाइल
परदेशातली शाळा : भाग ७

पत्त्याचे पुरावे, भाडेकरार, विजेचं बिल हे गेल्या भागातलं सगळं जमलं की पालकांना वाटतं, झाला प्रवेश. मग नोंदणी कार्यालयातली बाई कागद चाळते आणि सांगते, "फाइल आता नर्सकडे जाईल. तिचं उत्तर आलं की कळवू." पुण्याहून जपून आणलेली, लॅमिनेट केलेली गुणपत्रिका तिने उघडूनही पाहिलेली नसते.

नर्सचा शाळाप्रवेशाशी काय संबंध, हा प्रश्न आपल्याला पडतो, कारण आपल्या बहुतेक शाळांत नर्स नसते. स्टाफरूमच्या कपाटात प्रथमोपचाराची पेटी असते आणि गुडघा फुटला तर शिपाईमामा किंवा पीटीचे सर बघतात. त्यापलीकडे आहे तो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. २०१३ च्या फेब्रुवारीत त्याची सुरुवात आपल्याच पालघरमध्ये झाली. दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता यांचं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येतं, मुलं तपासतं, हृदयाला छिद्र किंवा दुभंगलेला ओठ आढळला तर पुढे पाठवतं. काम मोलाचं आहे, पण पथक संध्याकाळी निघून जातं. न्यू जर्सीतली शाळेची नर्स रोज सकाळी आपल्या खोलीत असते. तिच्याकडे परिचारिकेचा परवाना तर असतोच, शिवाय राज्याच्या शिक्षण खात्याचं वेगळं प्रमाणपत्रही लागतं. सगळ्या अमेरिकेत अशी चैन नाही. कितीतरी शाळांत नर्स आठवड्यातले दोन-तीन दिवसच येते. नियमही राज्यागणिक बदलतात. मी इथे न्यू जर्सीचे सांगतो आहे, कारण आपली मराठी कुटुंबं तिथे मोठ्या संख्येने आहेत.

ती फाइलमध्ये पाहते काय? लसी. आणि इथेच आपले भलेभले अडकतात. मुलाला एकूण एक लस दिलेली असते, तरी उत्तर येतं : अपूर्ण. आईचा पारा चढतो, आणि तो चढणं मला समजू शकतं.

समजा, मुलीचा जन्म १२ जून २०१८ चा. आपल्या सरकारी वेळापत्रकाप्रमाणे नवव्या महिन्यात, म्हणजे मार्च २०१९ मध्ये, तिला गोवर-रुबेलाची लस मिळाली. दुसरी मात्रा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. आपल्या दृष्टीने दोन मात्रा झाल्या, विषय संपला. अमेरिकेत मात्र पहिल्या वाढदिवसाआधी दिलेली गोवराची मात्रा शाळेसाठी मोजत नाहीत. इतक्या लहान बाळाच्या अंगात आईकडून आलेली प्रतिकारशक्ती शिल्लक असते आणि ती लसीला पुरतं काम करू देत नाही. भारतात गोवराची भीती मोठी, म्हणून वाट न पाहता नवव्या महिन्यात टोचतात. दोन्ही देश आपापल्या जागी बरोबर आहेत. शिवाय आपल्या सरकारी लसीत गालगुंड नाही आणि न्यू जर्सीला गालगुंडाची एक मात्रा हवी. तेव्हा या मुलीला तिन्ही रोगांची एकत्र लस, जिला सगळे एमएमआर म्हणतात, ती एकदा घेतली की गोवराची दुसरी आणि गालगुंडाची पहिली, दोन्ही मोजल्या जातात. एका सुईत काम होतं.

पोलिओचं दुखणं वेगळं. पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर जाऊन घेतलेले थेंब, बोटाला लावलेली शाई, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण एप्रिल २०१६ पासून त्या थेंबांतून दुसऱ्या प्रकारचा विषाणू काढून टाकला, कारण त्या प्रकाराचा नैसर्गिक पोलिओ जगातून संपला होता. अमेरिकेला तिन्ही प्रकारांपासून संरक्षण हवं असतं, म्हणून त्यानंतरचे थेंब तिथे हिशेबात धरत नाहीत. खासगी बालरोगतज्ज्ञाने दिलेली इंजेक्शनची पोलिओ लस धरतात. कांजण्यांची लस आपल्या सरकारी यादीत नाही, तिथे ती पहिल्या वाढदिवसानंतर एकदा लागते. कांजण्या येऊन गेल्या असतील तर तसं लेखी दिलं तरी चालतं. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांच्या चार मात्रांपैकी एक चौथ्या वाढदिवसानंतरची हवी. चार वर्षांचं मूल घेऊन निघालेल्यांची ती हमखास राहिलेली असते. सहावीत प्रवेश असेल तर धनुर्वाताचा बूस्टर आणि मेनिंजायटिसची लस यांची भर पडते. बीसीजी ही क्षयाची लस तिथे सरसकट देत नाहीत. त्यामुळे क्षयाची चाचणी मागितली आणि ती कातडीवर केली, तर बीसीजी घेतलेल्या मुलाची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. अशा वेळी रक्ताची आयजीआरए चाचणी करता येईल का, हे डॉक्टरांना आधीच विचारावं. बीसीजीमुळे ती फसत नाही.

आता सगळ्यात क्षुल्लक आणि सगळ्यात जास्त घोळ घालणारी गोष्ट : तारीख. आपण ५/७/२०१९ लिहितो ते पाच जुलै. अमेरिकी माणूस तेच सात मे वाचतो. आपल्या उदाहरणातल्या मुलीला कांजण्यांची लस पाच जुलैला, म्हणजे वर्ष पुरं झाल्यावर तीन आठवड्यांनी दिली होती. नर्सने वाचलं सात मे, म्हणजे वाढदिवसाच्या आधी. मात्रा बाद! २५/७ असतं तर पंचविसावा महिना कुठला म्हणून तिने निदान फोन तरी केला असता. त्यात आपलं माता-बाल संरक्षण कार्ड घडी पडून फाटलेलं, शाई ओघळलेली, लसीच्या जागी नुसतं स्टिकर. म्हणून निघण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञाकडून लेटरहेडवर टाइप केलेला तक्ता घ्यावा. लसीचं पूर्ण नाव इंग्रजीत, महिना अक्षरात, खाली सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक. डॉक्टर दहा मिनिटांत देतात, आपणच मागत नाही. मूळ कार्डही सोबत असू द्यावं, आणि तिथल्या डिस्ट्रिक्टची चालू वर्षाची यादी ईमेलने मागवून घ्यावी, कारण यादी बदलते.

कागद येईस्तोवर मूल घरी बसवून ठेवतात असंही नाही. परदेशातून आलेल्या मुलाला लसींच्या नोंदी आणायला न्यू जर्सीत तीस दिवसांची सवलत मिळते. राहिलेल्या लसी ठरावीक अंतराने घेत असलात तर तात्पुरता प्रवेश चालू राहतो. नोकरीचा विमा सुरू व्हायचा असेल तर काउंटीच्या आरोग्य खात्याचा दवाखाना विचारावा. 'व्हॅक्सिन्स फॉर चिल्ड्रन' या केंद्रीय योजनेत विमा नसलेल्या मुलांना अठराव्या वर्षापर्यंत लस फुकट मिळते. आपल्या लोकांना फुकट दवाखान्यात जायचा संकोच वाटतो. तो सोडावा.

हा काटेकोरपणा येतो कुठून, ते पाहायला न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये जावं लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला तिथल्या चाळीवजा इमारतींत पूर्व युरोपातून आणि इटलीतून आलेली कुटुंबं दाटीवाटीने राहत होती. शहराने १८९७ साली शाळांत डॉक्टर पाठवायला सुरुवात केली. डॉक्टर यायचे, रांगेतल्या मुलांचे डोळे, केस, हात बघायचे आणि खुपऱ्या, खरूज, गजकर्ण, उवा आढळल्या की मुलाला चिठ्ठी देऊन घरी पाठवायचे. चिठ्ठी इंग्रजीत. आईला इंग्रजी येत नाही, औषधाला पैसे नाहीत. मूल रस्त्यावर खेळत बसायचं, आणि शाळा सुटल्यावर वर्गातली बाकीची मुलं त्याच्याशीच खेळायची. म्हणजे संसर्ग जिथल्या तिथे आणि शिक्षण मात्र बुडालेलं.

त्याच वस्तीत लिलियन वॉल्ड या परिचारिकेने हेन्री स्ट्रीट सेटलमेंट नावाची संस्था चालवली होती. तिने शहराला सुचवलं, महिनाभर आमची एक नर्स शाळेत ठेवून बघा. १ ऑक्टोबर १९०२ ला लिना रॉजर्स ही मूळची कॅनडाची नर्स कामावर आली. शाळा चार, मुलं सुमारे दहा हजार. ती मुलांना शाळेतच मलम लावायची, डोळे धुऊन द्यायची आणि संध्याकाळी घरी जाऊन आईला काय करायचं ते हाताने करून दाखवायची. महिन्याचा प्रयोग संपायच्या आत शहराने आणखी नर्सा घ्यायचं ठरवलं. सप्टेंबर १९०२ मध्ये आजारपणामुळे घरी धाडलेल्या मुलांच्या १०,५६७ नोंदी होत्या. पुढच्या सप्टेंबरात त्या १,१०१ वर आल्या. आरोग्यखात्याच्या इतिहासात इतका ढळढळीत निकाल क्वचित दिसतो.

लसींची सक्ती हा त्याच गोष्टीचा दुसरा धागा. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहराने लस न घेतलेल्या मुलीला शाळेत घेतलं नाही, तेव्हा प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९२२ साली निकाल शहराच्या बाजूने लागला. सूट कोणाला द्यायची हे मात्र राज्यं ठरवतात. न्यू जर्सीत वैद्यकीय आणि धार्मिक कारणाने सूट मागता येते. शेजारच्या न्यूयॉर्कने गोवराच्या मोठ्या साथीनंतर २०१९ मध्ये धार्मिक सूट काढून टाकली.

प्रवेश मिळाला की नर्सशी दुसरी गाठ पडते ती औषधांवरून. "दप्तराच्या पुढच्या कप्प्यात क्रोसिन ठेवलीय, डोकं दुखलं तर घे," हे वाक्य तिथे चालत नाही. साधी तापाची गोळी असो, खोकल्याचं औषध असो वा होमिओपॅथीच्या गोळ्या, मुलाने स्वतःजवळ ठेवायच्या नाहीत. डॉक्टरांचा लेखी आदेश, पालकाची सही आणि फार्मसीचं लेबल असलेली मूळ बाटली, या तीन गोष्टींशिवाय नर्स औषध देत नाही, आणि बाटली मोठ्या माणसाने नेऊन द्यायची असते. भारतातल्या डॉक्टरांची चिठ्ठी तिथे उपयोगी पडत नाही. दम्याच्या मुलांच्या पालकांनी हे आधी लक्षात घ्यावं. सहा महिन्यांचे इन्हेलर बॅगेत भरून नेले तरी ते घरापुरते. त्यातलं सॅल्ब्युटामॉल अमेरिकेत अल्ब्युटेरॉल नावाने मिळतं, औषध तेच. तिथल्या डॉक्टरांकडून दम्याचा लेखी आराखडा भरून घेतला, त्यात मुलाला स्वतः इन्हेलर वापरता येतो असं लिहून घेतलं, की तो खिशात ठेवायला परवानगी मिळते. शेंगदाण्याच्या ॲलर्जीचंही तसंच. आपल्या मुलाला नसली तरी वर्गात कोणाला असते, आणि मग डब्यात साबुदाण्याची खिचडी द्यायची की नाही याचं पत्रक घरी येतं. ते वाचावं.

तापाला तिथे १००.४ फॅरनहाइटची रेघ आहे. गोळी न देता चोवीस तास ताप नसेल तरच मूल परत पाठवायचं. सकाळी गोळी देऊन पाठवलेलं मूल दुपारी नर्सच्या खोलीतल्या कॉटवर सापडतं आणि तिला ते लगेच कळतं. उवांचं मात्र उलट आहे. ज्या उवांसाठी १९०२ च्या आधी मुलं घरी बसत होती, त्यांच्यासाठी आता मुलाला मधल्या वेळेत घरी पाठवू नये, असंच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. मला हा बदल फार आवडतो. काही शाळा अजून जुन्या वळणावर आहेत, हेही खरं.

नर्स उंची, वजन, रक्तदाब दरवर्षी मोजते, डोळे वर्षाआड तपासते, दहा वर्षांपुढच्या मुलांचा पाठीचा कणा बघते. दोष दिसला की घरी पत्र येतं. ते पत्र म्हणजे निदान नव्हे, डॉक्टरांना दाखवा एवढाच त्याचा अर्थ. सॉकर किंवा क्रिकेटच्या शाळेच्या संघात जायचं असेल तर वर्षाच्या आतली वैद्यकीय तपासणी लागते, तिचा फॉर्म ऑगस्टमध्ये शोधत बसू नये.

उरलं ते आणीबाणीचं कार्ड. मूल आजारी पडलं आणि आईबाबा दोघंही फोन उचलत नसतील, तर कार्डावर नाव असलेल्या माणसाच्याच हाती नर्स मूल सोपवते. शेजारच्या काकू कितीही जवळच्या असोत, नाव नसेल तर त्यांना हात हलवत परतावं लागतं. तिथे दोन नावं द्यावीत, दिवसा गाडी घेऊन वीस मिनिटांत पोचतील अशी, आणि त्या दोघांना तसं सांगूनही ठेवावं.