लर्निंग लायसन्सवर मित्राला डबलसीट नेता येतं का?

नाही. परभणी असो वा पाथरी, नियम एकच आहे. गिअरच्या बाईकसाठी वय १८ पूर्ण हवं. लर्निंग लायसन्स ६ महिने चालतं आणि पक्क्यासाठीची टेस्ट ३० दिवसांनंतर देता येते. तोवर गाडीला पुढे-मागे ‘एल’ची पाटी हवी. मागे बसायचं तर फक्त शिकवणाऱ्यानं, तेही पक्कं लायसन्स असेल तरच.

कारण साधं आहे. मागे वजन आलं की तोल बदलतो, नवख्याला गाडी आवरायला वेळ लागतो. ऊसतोडीच्या हंगामात अंधारात रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली समोर आली, तर तेवढा उशीर जिवावर बेततो. म्हणून आधी मोकळं मैदान, मग दिवसा कमी वर्दळीचा रस्ता. हेल्मेट दोघांनाही, पट्टा लावूनच.