कोणी थांबायचं, कोणी नाही

प्रोस्टेटच्या कर्करोगात शस्त्रक्रिया करायची की नाही, हा प्रश्न तीस वर्षांपूर्वी फारसा कोणी विचारत नसे. अमेरिकेत पीएसए ही रक्ततपासणी १९९४ साली कर्करोग लवकर शोधण्यासाठी मंजूर झाली आणि ज्यांना कसलाही त्रास नव्हता अशा हजारो पुरुषांच्या हातात निदान पडलं. निदान झालं की ग्रंथी काढायची किंवा किरणोपचार घ्यायचे, हीच रीत. टोरांटोच्या सनीब्रूक रुग्णालयात डॉ. लॉरेन्स क्लॉट्झ यांनी १९९५ मध्ये वेगळी वाट धरली. सौम्य दिसणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांना लगेच उपचार न देता ते ठरावीक अंतराने तपासत राहिले. रोगाने रंग बदलला तरच उपचार. ही सक्रिय देखरेख. अतिवृद्ध रुग्णाला त्रास सुरू होईपर्यंत काहीच करायचं नाही, त्या पद्धतीशी तिची गल्लत करू नये. इथे बरं करण्याची संधी हातची जाऊ द्यायची नसते.

क्लॉट्झ यांनी २०१५ मध्ये ९९३ रुग्णांचा हिशेब मांडला. तोवर १४९ जण वारले होते, पण प्रोस्टेटच्या कर्करोगाने त्यांतले १५. बाकीचे हृदयविकार वगैरे इतर कारणांनी गेले. हा आकडा दिलासा देतो, पण मला त्यातले १५ जण जास्त महत्त्वाचे वाटतात. ज्यांचा रोग पुढे हाडांत वगैरे पसरला, त्यांची कागदपत्रं तपासली तेव्हा दिसलं की सुरुवातीलाच ग्लीसन ७ असलेल्यांत हा धोका ठळकपणे अधिक होता. देखरेखीचं यश निवडीवर उभं आहे, ते असं.

ग्लीसन म्हणजे काय, हे थोडं जवळून पाहायला हवं. मिनियापोलिसच्या डॉ. डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६६ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या रचनेवरून १ ते ५ असे नमुने ठरवले. नमुना ३ मध्ये कर्करोगाच्या ग्रंथी लहान असतात, पण प्रत्येकीचा गोल सुटा दिसतो. ४ मध्ये त्या एकमेकींत मिसळतात, कधी एका मोठ्या पुंजक्यात चाळणीसारखी भोकं दिसतात. ५ मध्ये ग्रंथीचा आकारच उरत नाही. बायोप्सीतले प्रमुख दोन नमुने मिळवून बेरीज होते. आज ३+३ म्हणजे ६ हा सर्वांत खालचा आकडा. दहापैकी सहा गुण म्हणून रुग्ण घाबरतात, ते साहजिक आहे. निव्वळ ६ असलेला रोग शरीरात दूर पसरणं अत्यंत दुर्मीळ. म्हणूनच देखरेखीची पहिली पात्रता तीच. ३+४ मध्येही ४ चा अंश अगदी थोडा असेल तर काहींना थांबवता येतं. पण अहवालात चाळणीसारख्या रचनेचा किंवा नलिकांच्या आत वाढलेल्या कर्करोगाचा उल्लेख असेल, तर थांबण्यात अर्थ नाही, असं मी स्पष्ट म्हणेन.

जॉन्स हॉपकिन्सचे डॉ. जोनाथन एपस्टाइन यांनी १९९४ मध्ये काढलेल्या ग्रंथी आणि त्याआधीच्या बायोप्सी ताडून निकष घातले: ग्लीसन ६ किंवा कमी, दोनपेक्षा जास्त तुकड्यांत रोग नको, एकाही तुकड्याचा निम्म्याहून अधिक भाग व्यापलेला नको, पीएसए घनता (पीएसएला ग्रंथीच्या आकारमानाने भागून येणारा आकडा) ०.१५ च्या आत. यातली घनता लोकांना माहीत नसते, आणि तीच फार कामाची. पीएसए ६ आहे आणि ग्रंथी ६० घन सेंटीमीटरची, तर घनता ०.१०, वयानुसार वाढलेली ग्रंथीच तेवढं पीएसए बनवत असेल. तेच ६ अवघ्या २५ च्या ग्रंथीतून येत असेल तर ०.२४, म्हणजे सुई चुकलेल्या जागी काहीतरी दडलं असण्याची शंका. फिनास्टराइड किंवा ड्युटास्टराइड चालू असेल तर पीएसए साधारण निम्म्यावर येतो. गोळ्यांची माहिती सांगायची राहिली तर सगळं गणित फसतं. तुकडे मोजण्याचा निकष मात्र आता जरा सैल करायला हरकत नाही, कारण एमआरआय आला आहे. नेहमीच्या बायोप्सीत ग्रंथीचा पुढचा भाग सुटून जातो, तिथली गाठ एमआरआय दाखवतो. तरीही वर्षभरात एक खातरजमेची बायोप्सी हवीच.

घरातला इतिहास हा निवडीचा भाग आहे, आणि आपल्याकडे तोच लपवला जातो. मावशीची छातीची गाठ, आजीचा अंडाशयाचा आजार यांबद्दल घरात कुजबुजच चालते. बीआरसीए२ या जनुकात दोष असेल तर पुरुषाचा प्रोस्टेटचा कर्करोगही आक्रमक होऊ शकतो. म्हणून आईकडची माहितीही डॉक्टरांना द्या.

शस्त्रक्रियाच करून मोकळं व्हावं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी ब्रिटनमधली प्रोटेक्ट चाचणी. १६४३ पुरुषांना निरीक्षण, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार अशा तीन गटांत चिठ्ठीने वाटलं. १५ वर्षांनी या कर्करोगाने गेलेले अनुक्रमे १७, १२ आणि १६. शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी ४६ टक्के पुरुष लघवी गळते म्हणून पॅड वापरत होते. निरीक्षणाच्या गटात ४ टक्के. पण दुसरी बाजूही सांगायलाच हवी. रोग दूर पसरण्याचं प्रमाण निरीक्षणात ९.४ टक्के होतं, शस्त्रक्रियेत ४.७. मात्र निरीक्षणाच्या त्या गटात ग्लीसन ७ चेही रुग्ण होते, आणि लक्ष मुख्यतः पीएसएवर ठेवलं गेलं. आजच्यासारखा एमआरआय नव्हता.

आपल्याकडे बरेच रुग्ण रोग पसरल्यावरच येतात, त्यांना ही चर्चा लागू नाही. पण पुण्या-मुंबईत हेल्थ चेकअपच्या पॅकेजमधून पीएसए होतो आणि साठीतल्या एखाद्या काकांना लहानसा कर्करोग सापडतो. मुलगा म्हणतो, ‘बाबा, काढून टाकू या.’ त्याची काळजी खरी असते. अशा वेळी काकांचं वय, मधुमेह, हृदय आणि पुढे किती वर्षं अपेक्षित आहेत, हे ग्लीसनइतकंच मोजलं पाहिजे. सहा महिन्यांनी पीएसए, ठरावीक काळाने एमआरआय, पुन्हा बायोप्सी, हे वर्षानुवर्षं त्यांना जमणार आहे का? तालुक्याच्या गावाहून येणाऱ्याला खर्च आणि हेलपाटे झेपणार नसतील तर देखरेख कागदावर राहते आणि रोग नजरेआड वाढतो. अशा माणसाला उपचार सुचवणं चूक नाही.

तेव्हा घरात कोणाचा असा अहवाल आला, तर निर्णयाआधी बायोप्सीच्या स्लाइड मागून घ्या आणि प्रोस्टेटच्या बायोप्सी नेहमी पाहणाऱ्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. घनता काढायला सांगा, एमआरआय झाला आहे का ते विचारा. या जातीच्या रोगात चार-सहा आठवडे विचारात गेले तर नुकसान होत नाही.