सातबारा कोरा, पण मालक कोण?

‘सातबारा कोरा करा’ ही मागणी महाराष्ट्रात निवडणूक आली की हमखास कानावर येते. शब्दशः धरली तर ती शेतकऱ्याच्याच मुळावर येईल, कारण कोऱ्या सातबाऱ्यावर त्याचंही नाव उरणार नाही. कोरा करायचा असतो तो ‘इतर अधिकार’ हा रकाना. बँकेच्या नाहीतर सोसायटीच्या कर्जाचा बोजा तिथे चढतो. तो उतरला की सातबारा कोरा.

सातबारा म्हणजे तलाठी दप्तरातले दोन नमुने: सातवा अधिकारांचा, बारावा पिकांचा. गावात त्यालाच मालकीचा अखेरचा पुरावा मानतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ इतकं बोलत नाही. उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी धरायची, एवढंच ती म्हणते. फेरफारही मालकी देत नाही. आधी खरेदी, वाटप किंवा वारसा; मग त्याची नोंद फेरफारात.

शहरात हाच घोळ साठेखतावरून होतो. साठेखत हातात पडलं की पेढे वाटले जातात. पण ते असतं पुढे विकण्याचं वचन. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५४ प्रमाणे अशा करारामुळे मिळकतीत आपोआप हक्क तयार होत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. म्हणून साठेखत निरुपयोगी ठरत नाही. विकणारा फिरला, तर त्याच्याच आधारे दिवाणी दावा लावून खरेदीखत मागता येतं. कुलमुखत्यारपत्रावर घर ‘विकत’ घेणाऱ्यांना मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगून टाकलं आहे की त्याने मालकी मिळत नाही.

नॉमिनीबद्दलचा गैरसमज तर घराघरात. शेअर्सवर नाव लावलं म्हणून नॉमिनी मालक होत नाही, वारसांचा हक्क शाबूत राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं.

सगळ्यांत फसवा शब्द ‘बक्षीस’. शाळेतलं बक्षीस कपाटात जातं. बक्षीसपत्राने राहतं घर जातं. मृत्युपत्र माणसाच्या मृत्यूनंतर लागू होतं, हयातीत कितीही वेळा बदलता येतं, आणि त्याला दोन साक्षीदार लागत असले तरी नोंदणीची सक्ती नाही. बक्षीसपत्र नोंदवावंच लागतं. ते लगेच लागू होतं आणि मन बदललं म्हणून रद्द होत नाही. ‘माझ्या मागे मुलाला मिळावं’ असं मनात असलेले वडील बक्षीसपत्रावर सही करतात, तेव्हा त्याच दिवशी ते मुलाच्या घरात राहायला लागलेले असतात.

एक वाट ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि मुलाने सांभाळलं नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकतं. तिथे पहिला प्रश्न येतो तो ही अट होती का, याचाच. कारण बहुतेक दस्तांत ‘प्रेमापोटी’ हा शब्द असतो, सांभाळाची ओळ नसते.